वार लावून जेवणारा वळू

फेलिज्मिना मावशीचे हात लहान आहेत. बाई अंगापिंडानं भरलेली, खांद्यानं कुणाही गड्याला भारी, पण मनगटाच्या पुढं शाळकरी मुलीचे असावेत असे हात. पोर्तुगालच्या डोंगरातल्या आमच्या उर्झेदो गावात कुणाची गाय अडली की पहिलं बोलावणं तिलाच. ती येते, बाह्या सारते, कोपरापर्यंत ऑलिव्हचं तेल चोपडते आणि काम करता करता गाईच्या पाठीवर कपाळ टेकून काहीतरी पुटपुटत राहते. प्रार्थना म्हणत असेल, असं लग्न होऊन इथं आल्यावर पहिली काही वर्षं मला वाटायचं. शेवटी एकदा विचारलंच.

"प्रार्थना कसली?" ती म्हणाली. "ज्या वळूनं हे डोकं वासराला दिलं, त्याला शिव्या घालते."

आणि शिव्या घालण्यासारखंच होतं ते. उर्झेदोत वळू कुणा एकाचा नसतो, गावाचा असतो. त्याचा गोठा गावाचा, ओढ्याकाठी त्याच्यासाठी राखलेला कुरणाचा तुकडा गावाचा, आणि तेवढ्यावर त्याचं भागत नाही म्हणून बाकीचं पोट घरोघर वार लावून भरायचं. ज्याच्या जितक्या गाई, तितके दिवस त्याच्याकडे वार. गोठ्याची किल्ली वार असलेल्या घरात खुंटीला. त्या दिवसांत वळूला काही कमी पडलं तर नाव त्या घराचं जातं. बायका स्वतःच्या गाईपुढं नुसता पेंढा टाकतील, पण वळूला मक्याचं पीठ कालवून नेतील. शेजारीण डोकावून बघत असते ना!

असा सगळ्या गावाचा जावई निवडायचा तर त्याची वासरं कशी होतील हे बघून निवडावा, असं कुणालाही वाटेल. आमच्या पुरुषांना नाही वाटायचं. ते बघायचे मान, शिंगं आणि रागीट डोळे. कारण ऑगस्टमध्ये फ्रान्सला कामाला गेलेली आमची माणसं सुट्टीला आली की डोंगरापलीकडच्या कोदेसाल गावाच्या वळूशी आपल्या वळूची टक्कर लावायची असते. जिंकला तर गाव वर्षभर छाती काढून चालणार. हरला तर वळू खाटकाकडे. जिंकेल त्यानंच गावाच्या गाई फळवायच्या, हा हिशोब आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला. मग वासरंही तशीच व्हायची, हे एवढं डोकं, हे एवढे खांदे आणि मागं काही नाही. आमच्या गाई बुटक्या, दगडाधोंड्यांतून झुडपं ओरबाडत हिंडणाऱ्या. त्यांच्यातून ते डोकं बाहेर यायचं कसं? आलंच, तर पुढं बाजारात गिऱ्हाईक वासराच्या मागच्या पुठ्ठ्यांवरून हात फिरवायचं आणि शेजारच्या वासराकडे वळायचं. चांगलं मांस असतं ते तिथंच.

"पुढून बिशप, मागून भिकारी," मावशी म्हणायची.

वालेंते नावाचा वळू तर या सगळ्यावर कळस होता. त्यानं कोदेसालला लागोपाठ हरवलं, आणि त्याच्या वासरांपायी आमच्या किती गाई अडल्या त्याची मोजदाद नाही. मावशीच्या स्वतःच्या दोन गेल्या. ग्रासिंदाची एक गेली. ग्रासिंदा म्हणजे बेल्मिरोची बायको, आणि बेल्मिरो म्हणजे वळूचा कारभारी. वळूसंबंधी शेवटचा शब्द त्याचा. गाय गेली त्या सकाळी ग्रासिंदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन चुलीपाशी नुसती बसून राहिली होती. मी सूप दिलं, तेही प्याली नाही.

वालेंते म्हातारा होऊन गेला आणि नवा वळू निवडायची वेळ आली. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर चर्चसमोर पुरुष जमले. मावशीकडे कास्तान्या नावाची गाय होती, तिच्या माहेरून आलेल्या गाईच्या वंशातली. मावशीचं माहेर आमच्याही वर, जिथं गवत कमी आणि वारा जास्त. तिथल्या गाई आखूड पायांच्या, तांबूस, डोळ्यांभोवती काळ्या. काटेरी झुडपावर हिवाळा काढतात आणि तरी अंगावर मांस धरून राहतात. कास्तान्या दरवर्षी परसात जाऊन यावं इतक्या सहज व्यायची. तिचाच एक गोऱ्हा होता गालांते, आता भरात आलेला. आणि त्याची शिंगं! माणसानं दोन्ही हात वर करून लांबच्या कुणाला हाक मारावी तशी वर गेलेली, टोकं काळी चकचकीत. पुरुषांनी ती शिंगं बघितली आणि पुढचं काही बघितलंच नाही.

"शिंगं नुसती दिसायला नाहीत ना?" बेल्मिरोनं विचारलं.

"परवाच त्यांनी फाटक उचकटलं," मावशी म्हणाली.

ते खरं होतं. फाटकापलीकडे कोबी होता, हे तिनं सांगितलं नाही.

घरी जाताना तिचा नवरा अदेलीनो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "त्या गालांतेला माझी मांजर हाकलते. ही बाई मला गावात तोंड दाखवू देणार नाही."

मावशी मागून चालत होती. "त्यांनी शिंगांचं विचारलं, मी शिंगांचं सांगितलं," ती म्हणाली. "स्वभाव विचारून तरी लग्नं कुठं करतात आपल्यात? मला कुणी सांगितलं होतं, तू झोपेत गातोस?"

एप्रिलमध्ये गालांते गावाचा झाला. उन्हाळाभर गाई फळवल्या. बायका खूष होत्या, कारण पोत्यानं मक्याचं पीठ घेऊन एकटीनं आत गेलं तरी हा मान खाली घालून उभा. वालेंतेच्या वेळी दोन गडी काठ्या घेऊन लागायचे. बेल्मिरोला मात्र या शांतपणात काहीतरी खोल दिसत होतं.

"राग साठवतोय," तो खानावळीत सांगायचा. "खरा पैलवान घरी आवाज करत नाही."

ऑगस्ट आला. बेल्मिरोचा भाऊ फ्रान्सहून नव्या मोटारीतून आला, दोन साहेब मित्रांना मुद्दाम टक्कर दाखवायला घेऊन. दोन्ही गावांच्या मधल्या माळावर माणसांचं कडं झालं. कोदेसालच्या बाजूला त्यांचा कारभारी कुश्तोदियो, टोपी मागं सारून, आणि त्याच्या मागं त्यांचा काळपट वळू मोरिस्को जमीन उकरत होता. आमच्या पुरुषांनी गालांतेला पहाटे वाइनमध्ये अंडी फेटून पाजली होती. ती त्याला फार आवडली होती.

दोघांना सोडलं. मोरिस्को डोकं खाली घालून आला. गालांतेनं त्याच्याकडे बघितलं, हुंगलं, शिंगाला शिंग एकदाच लागलं. आणि मग घरी दूध चुलीवर राहिल्याचं आठवावं तसा तो वळला आणि चालायला लागला. माणसं बाजूला झाली. तो कड्यातून बाहेर पडला, ओकच्या झाडाखाली आम्ही बायकांनी टोपल्या ठेवल्या होत्या तिथं आला, ग्रासिंदाच्या टोपलीवरचं फडकं नाकानं सारलं आणि मक्याचा अख्खा पाव खाल्ला. मोरिस्को मैदानात एकटाच फुरफुरत उभा.

कोदेसालची माणसं हसून हसून खाली बसली.

"ओ बेल्मिरोशेट!" कुश्तोदियो ओरडला. "पुढच्या वर्षी त्याला टेबल-खुर्ची आणा! रुमाल आम्ही देऊ!"

"पळाला असता तर एक वेळ चाललं असतं," बेल्मिरो वाटेत म्हणाला. त्याचा आवाज अगदी बसला होता. "पळायला निदान दुसऱ्याची भीती वाटावी लागते. हा चालत गेला. जेवायला!"

फ्रान्सच्या पाहुण्यांनी मात्र त्या पाव खाणाऱ्या वळूचे भरपूर फोटो काढले होते, आणि तेच बेल्मिरोला जास्त लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं जाहीर केलं, गुरुवारी खाटकाची गाडी येणार. हरलेला वळू जातो, यात कुणाला काही बोलण्यासारखं नव्हतं. पण मावशी मनातल्या मनात गाई मोजायला लागली. सबंध गावाच्या गाई गालांतेपासून गाभण होत्या. पहिली वासरं फेब्रुवारीत. ती कुणी बघायच्या आधीच बाप गेला, तर पुरुष वालेंतेसारखाच दुसरा राक्षस शोधून आणणार, आणि पुन्हा तेच. पुन्हा तेल, पुन्हा दोर, पुन्हा गोठ्यात पडलेली गाय.

ती संध्याकाळी बेल्मिरोच्या दारात गेली. मी सोबत होते.

"फेब्रुवारीपर्यंत थांब," ती म्हणाली. "वासरं डोळ्यांनी बघू दे. मग मीच त्याला हातानं गाडीत चढवीन."

"वासरं!" बेल्मिरो म्हणाला. "मावशी, आज सकाळी पाद्री माझ्याकडे बघून हसला. पाद्री! वासरांचं काय घेऊन बसलीस?"

"मग गुरुवारी माझ्याकडे वार आहे."

"असू दे. किल्ली दे म्हणजे झालं."

"माझ्या वारात तो जाणार नाही. जेवायला बसलेल्याला पानावरून उठवत नाहीत. माझं गवत त्याच्या तोंडात असताना तू त्याला खाटकाला दिलास, तर लोक काय म्हणतील? फेलिज्मिनाला दोन पेंढ्या जड झाल्या!"

बेल्मिरोनं किल्लीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला. कारण हे खरं होतं. आमच्याकडे वार मोडत नाहीत. कुणाच्या घरी मयत झालं तरी वळूचा वार आधी होतो.

"बरं, तुझा वार संपू दे," तो म्हणाला. "सोमवारी."

सोमवारी वार कुणाकडे जात होता? पुढच्या घराकडे. पुढचं घर बेल्मिरोचंच.

शनिवारी गावाच्या भट्टीवर पाव भाजायला आम्ही सगळ्या जमलो. बाहेर कुणी काही बोललं तर दुपारपर्यंत पुरुषांच्या कानावर जातं. भट्टीतलं बोलणं मात्र तिथंच राहतं. आत इतकी ऊब आणि इतका धूर असतो की कुणी पुरुष टिकत नाही. मावशीनं पीठ मळता मळता सगळं सांगितलं. सगळ्यांनी ग्रासिंदाकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" ग्रासिंदा म्हणाली. "नवरा माझा आहे. दोन रात्री झोपला नाही तो. फ्रान्समध्ये आपले फोटो दाखवून लोक हसतायत, असं म्हणतो. मी त्याच्या विरुद्ध जाऊ?"

"विरुद्ध कुठं?" मावशी म्हणाली. "त्याच्या अब्रूसाठीच सांगतेय. कारभाऱ्याच्या घरचा वार सुरू झाला आणि लगेच वळू गेला. आपल्या गंजीतलं गवत वाचवलं म्हणणार नाहीत?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. ग्रासिंदा नाही हसली. तिनं आपला पाव फावड्यावर ठेवला, आत सरकवला, दार लावलं आणि दाराकडे बघतच म्हणाली, "त्या गाईची तिसरीच खेप होती. मोरपिसासारखी हलकी चालायची." मग हात झटकले. "बोलते मी त्याच्याशी. पण माझा वार संपल्यावर तुम्ही सगळ्या मला तोंडघशी पाडाल."

"पाडून बघतो कोण!" कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली. "माझ्या वारात नेऊन दाखवा म्हणावं. उर्झेदोत आजवर माझ्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही, पोस्टमनसुद्धा."

बेल्मिरोनं घरी काय ऐकलं ते मला ठाऊक नाही. पण सोमवारी गाडी आली नाही. त्याच्या नंतरच्या घरी नवरा राजी होता, बायको म्हणाली, "आमच्याकडेच का? आम्ही काय गावाबाहेरचे?" त्याच्या नंतरच्या घरी नवराच म्हणाला, "बेल्मिरोच्या वारात राहिला, मग माझ्या वारात जायला मी काय त्याच्यापेक्षा गरीब आहे?" आणि मग चढाओढच लागली. ज्यानं त्यानं वळूला आधीच्या घरापेक्षा चांगलं खायला घालायला सुरुवात केली. टक्कर हरलेला तो वळू असं जेवत होता की तसं वालेंतेलाही कधी मिळालं नसेल.

कोदेसालवाले बाजारात भेटले की विचारायचे, "काय, पाहुणे जेवले का?" बेल्मिरो मान फिरवायचा.

नोव्हेंबरात पुरुषांनी बैठक घेतली. ठरलं की फेरी पूर्ण होऊ द्यायची. प्रत्येकाचे वार सारखे झाले की मग वळू जाईल, कुणाच्या नावाला डाग नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकानं विचारलं, फेरी सुरू कुठून झाली होती?

"माझ्यापासून," एक म्हणाला.

"तुझ्यापासून? तेव्हा किल्ली माझ्याकडे होती!"

"ती वालेंतेची फेरी. वालेंतेचे वार यात धरायचे नाहीत."

"का नाही धरायचे? गवत तर माझंच गेलं!"

ती बैठक दिवे लागेपर्यंत चालली आणि तिथून खानावळीत गेली. अदेलीनोनं मधेच पेटी काढून वाजवायला सुरुवात केली. त्यानंतर बैठक राहिली नाही, नाच झाला. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं ठरलं. त्या रविवारी बर्फ पडलं आणि बाजाराच्या मोंतालेग्रे गावाहून येणारा रस्ता बंद झाला. मग खाटीक काय, डॉक्टरही येत नाही.

फेब्रुवारीच्या आधीच मावशीची झोप उडाली. माझ्या खिडकीतून तिचं अंगण दिसतं. सकाळी सकाळी ती शाल गुंडाळून एकेका गोठ्याकडे जायची, गाईंच्या मागं उभी राहून बघायची, परत यायची. "माझ्या मनातलं खरं नसेल तर?" एकदा मला म्हणाली. "कास्तान्या सुखानं विते म्हणजे तिच्या पोराचीही वासरं सुखानं येतील, हे कुठं लिहून ठेवलंय? सगळ्या गावाला मी याच्या पायी गुंतवलं." मी तिला कॉफी दिली.

पहिली व्याली ती आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरची गाय. व्यायल्यावरच घरच्यांना कळलं. जाणती गाय होती, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. दुसरी मात्र बेल्मिरोची ब्रियोझा. पहिलारू, अंगानं अरुंद, आणि बेल्मिरोची फार लाडकी. तो सकाळपासून गोठ्यात स्टूल टाकून बसला होता. कळा सुरू झाल्याबरोबर त्यानं मावशीला हाक मारायला ग्रासिंदाला पिटाळलं. मावशी तेलाची बाटली घेऊन धावली, मी मागोमाग. आत शिरलो, मावशीनं डोक्याचा रुमाल घट्ट केला, एक बाही सारली. दुसरी सारेपर्यंत वासरू पेंढ्यावर.

ब्रियोझानं मागं वळून बघितलं, तिलाही पटत नसावं. मग चाटायला लागली.

"एवढंसं?" बेल्मिरो म्हणाला.

खरंच लहान होतं. डोकं तर चिमूटभर. वालेंतेचं वासरू दोन माणसांनी ओढून काढलं तरी नुसतं पाहून धाक वाटायचा. हे पाय फाकवून उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं आणि अर्ध्या तासात पीत होतं.

"मावशी, हे वासरू आहे का ससा?" बेल्मिरो म्हणाला. "माझी ब्रियोझा ससा व्याली!"

"ससा उभा आहे आणि ब्रियोझाही उभी आहे," मावशी म्हणाली. "मागच्या वर्षी या वेळी तुझ्या गोठ्यात कोण उभं होतं?"

ग्रासिंदानं एप्रन तोंडाला लावला आणि बाहेर निघून गेली.

त्या वसंतात गावभर ससेच झाले. एक वासरू गेलं, पोटात उलटं फिरलं होतं. त्यात बापाचा दोष नव्हता, पण मावशी तरी रडली. गाय मात्र एकही गेली नाही. पुरुषांचं म्हणणं, गाई वाचल्या हे ठीक, पण सशांचं करायचं काय? बाजारात वजन बघतात. बर्फ वितळलं, रस्ता मोकळा झाला, आणि खाटकाची गाडी खाली खिंडीपर्यंत यायला लागली. "आता बघितलीस ना वासरं?" बेल्मिरो म्हणाला. "तूच बोलली होतीस, हातानं चढवीन."

"बोलले होते," मावशी म्हणाली. "पण वासरू जन्मल्या दिवशी बघायचं नसतं. तुला तुझ्या आईनं जन्मल्या दिवशी बघून ठेवून घेतलं, ती तिची माया. मी गवत वर येईपर्यंत थांबा म्हणते. त्याआधीच चढवायचा असेल तर आण गाडी. शब्द मोडणार नाही."

बेल्मिरोनं टोपी काढून हातात फिरवली. गाडी आणायची की नाही हे आता त्याच्या एकट्यावर होतं, वाराचा आडोसा संपला होता. मग म्हणाला, "ब्रियोझाला दूध बरं आहे यंदा." आणि निघून गेला. गाडी खिंडीतून परत फिरली.

गवत वर आलं. वासरं आयांबरोबर ओल्या कुरणांत आणि वर झुडपांत हिंडायला लागली. आणि काय झालं म्हणून सांगू, जूनमध्ये एके दिवशी मी कपडे वाळत घालत होते. खालून वासरांचा घोळका चालला होता, पाठमोरा. मी कपडा हातात धरून तशीच उभी राहिले. मागून ती वासरं ताज्या पावासारखी दिसत होती. गोल, फुगलेली, मधोमध घडी. बेल्मिरोही आपल्या भिंतीवर कोपर टेकून बघत होता. ब्रियोझाचं वासरू त्याच्या दारावरून गेलं तेव्हा त्यानं हात लांब करून पुठ्ठ्यावर थाप मारली आणि हाताला काही लागलंय का बघावं तसा आपला तळहात बघितला.

शरद ऋतूतल्या मोंतालेग्रेच्या बाजारात ब्रागा शहराहून आलेल्या गिऱ्हाइकानं आमच्या वासरांच्या मागं हात फिरवला आणि तो पुढच्या वासराकडे वळला नाही. त्यानं विचारलं, "अजून आहेत का?" बेल्मिरोनं टोपी मागं सारली. "आमच्या वळूची वासरं ही," तो म्हणाला, पलीकडे उभ्या असलेल्या सगळ्या कोदेसालला ऐकू जाईल अशा आवाजात. "आमच्याकडे लढायला वेळ नसतो त्याला."

आणि मग कुश्तोदियो आला. एका संध्याकाळी, अंधारता अंधारता, मागच्या पायवाटेनं, मावशीच्या परसदारी, हातात गाईची दोरी.

"मावशी, जरा काम होतं," तो कुजबुजला. "कुणाला बोलू नका."

"वळू माझा नाही, गावाचा," मावशी म्हणाली. "कारभारी बेल्मिरो. त्याच्याकडे जा."

"त्याच्याकडे? मावशी, तुम्हाला काळीज नाही."

गेला तरी. बेल्मिरो त्या वेळी जेवत होता. त्यानं कुश्तोदियोला आत बोलावलं, वाइन ओतली, डुकराचं सॉसेज कापून पुढं ठेवलं, बायकोची चौकशी केली, आणि सगळं झाल्यावर म्हणाला, "रविवारी घेऊन ये. मिस्सा संपल्यावर. चर्चसमोरून."

"लोक बघतील की रे!"

"म्हणून तर."

रविवारी मिस्साला इतकी गर्दी होती की पाद्री खूष झाला. बाहेर येऊन सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. कुश्तोदियो आला, टोपी डोळ्यांवर, पाठीवर गवताचा भारा, कारण ज्याची गाय त्याचा वार, ही अट बेल्मिरोनं त्यालाही घातली होती. मागं एक उंच, भरदार, शिंगांना तेल लावलेली गाय. लोकांसमोरून जायचंच तर निदान गाय तरी दिसायला हवी, असा विचार करून त्यानं आणली असणार. बेल्मिरो गोठ्याच्या दारात उभा, लग्नात उभं राहावं तसा. किल्ली लावली. गालांते बाहेर आला, उन्हात डोळे मिचकावले.

"थांबा," मावशी म्हणाली.

ती पुढं आली. तिनं गाईभोवती एक चक्कर मारली, मागून बघितलं, खालून बघितलं.

"कुश्तोदियो, ही गाय मोरिस्कोच्या बापाची ना? हिची आई व्याली तेव्हा मला बोलावलं होतं तुम्ही. मेली ती."

"मग?" कुश्तोदियोची मान आणखी खाली गेली.

"मग हिला नको. हिच्यातून पुन्हा तेच खांदे येतील. तुझ्याकडे ती बुटकी होती ना, एक कान फाटलेली? वरच्या झुडपांत चरते ती?"

"ती? ती लोकांसमोर आणायची?"

"तिलाच आण."

"मावशी!" बेल्मिरो कळवळून म्हणाला. त्यानं वर्षभर या घटकेची वाट पाहिली होती. "आहे ती चालू दे! कोदेसालला काय तो आता जाऊन येईल का? डोंगर आहे मधे!"

"वासरं माणसांना दाखवायला जन्माला यायची नसतात," मावशी म्हणाली. "जा रे कुश्तोदियो. भारा इथंच ठेव."

कुश्तोदियोनं बेल्मिरोकडे बघितलं, बेल्मिरोनं आकाशाकडे. मग कुश्तोदियो उंच गाय घेऊन डोंगराच्या वाटेला लागला. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. घरोघरी मटण चुलीवर आटत होतं, तरी कुणी घरी जाईना. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी वाइन. कोदेसालहून दोन-तीन माणसं उगाच फिरत आल्यासारखी आली आणि आमच्याच भिंतीला टेकली, त्यांनाही ग्लास दिले. गालांतेनं भारा विस्कटला आणि सावकाश खायला बसला.

दुपार कलल्यावर वाटेवर कुश्तोदियो दिसला. मागं ती बुटकी तांबूस गाय, एक कान फाटका, अंगावर झुडपांचे काटे तसेच. घामानं त्याचा सदरा चिकटला होता. चौकात आल्यावर त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं आणि ती परत डोक्यावर घालायचं विसरून गेला.

"ही?" त्यानं विचारलं.

मावशीनं गाईच्या पाठीवरून हात फिरवला, शेपटीपाशी थांबली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झालेला मला दिसला.

"ही," ती म्हणाली. "अरे, अशी गाय घरात असताना तुम्ही कोदेसालवाले इतकी वर्षं करत काय होतात?"

"तुम्हाला हरवायला बघत होतो," कुश्तोदियो म्हणाला.

आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला तो बेल्मिरो.